चौकटीत कोणती ओळ? सरोवर-वस्त्यांच्या नोंदीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मराठी कुमार ज्ञानकोशाच्या पुरातत्त्व खंडातलं आहे. प्रकाशनसंस्थेचं किंवा माणसांचं नाव इथं घेतलेलं नाही. कोशकाम केलेल्यांना ही माणसं तरीही ओळखीची वाटतील.

खंडात ‘सरोवर-वस्त्या’ अशी साधारण सहाशे शब्दांची नोंद होती. आल्प्स पर्वताच्या भोवती, म्हणजे आजच्या स्वित्झर्लंड, जर्मनी, इटली, फ्रान्स, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनिया या देशांत, तळ्यांच्या काठी आणि दलदलीत लाकडी खांबांवर बांधलेल्या घरांचे अवशेष सापडतात. त्यांचा काळ ढोबळ मानानं इ.स.पू. ५००० ते इ.स.पू. ५००. त्यांतली १११ ठिकाणं २०११ साली युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतली. पैकी ५६ एकट्या स्वित्झर्लंडमध्ये आहेत. पाण्याखालच्या गाळात हवा पोचत नाही, म्हणून तिथं कुजणं जवळजवळ थांबतं. एरवी अश्मयुग म्हटलं की दगडी हत्यारं आणि खापरं एवढंच हाती लागतं. इथं मासे धरायची जाळी, जवसाच्या धाग्याचं कापड, बिजागरीच्या जागेसकट लाकडी दार, वाळवलेल्या सफरचंदाच्या फोडी, असं काय काय निघालं आहे. मुलांच्या कोशासाठी याहून चांगला विषय कुठला?

प्रत्येक नोंदीच्या कडेला ‘ठाऊक आहे का?’ अशी चौकट द्यायची असं ठरलेलं होतं. पस्तीस-चाळीस शब्द, त्यात एकच गोष्ट. मुलं आधी चित्र बघतात, मग चौकट वाचतात, आणि मन झालं तर नोंदीकडे वळतात, हे कुमार वाङ्मयात काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे चौकट ही दिसायला शोभेची असली तरी नोंदीतलं सर्वांत जास्त वाचलं जाणारं आणि सर्वांत जास्त लक्षात राहणारं वाक्य तिथंच असतं. आणि कोश छापील. एकदा पानांचा फॉर्म छपाईला गेला की पुढची आवृत्ती निघेपर्यंत तेच वाक्य शाळांच्या कपाटांत राहणार.

नोंद लिहिणारे निवृत्त इतिहास शिक्षक होते. त्यांना सगळे ‘सर’ म्हणत. विभाग-संपादक ‘ताई’. तथ्यतपासणी एका तरुण सहायक संपादकाकडे होती. तो पुरातत्त्वशास्त्रात एम.ए. केलेला आणि बोलायला जरा भिडस्त. चित्रकार बाहेरगावी राहून काम करत.

अडचण

सरांनी चौकटीसाठी दिलेला मजकूर असा होता: ‘पाच हजार वर्षांपूर्वी युरोपातली माणसं शत्रू आणि जंगली श्वापदांपासून वाचण्यासाठी तळ्याच्या मधोमध भलामोठा मंच उभारून त्यावर अख्खं गाव वसवत!’

वाक्य झकास होतं. ताईंनी पहिल्या वाचनात त्यावर बरोबरची खूण केली, आणि तेवढ्यावर चित्रकारांनी दोन पानभर चित्राचं कच्चं रेखाटनही पाठवलं. भोवती निळं पाणी, खांबांवर तोललेलं एकसलग लाकडी पटांगण, त्यावर गवती छपरांची घरं, खाली होड्या, आणि काठाला जोडणारा एक अरुंद पूल.

सहायकानं समासात पेन्सिलीनं लिहिलं: ‘हे चित्र १८५४ चं आहे.’

त्याचं म्हणणं समजण्यासाठी शोधाची हकिगत बघावी लागते. १८५३-५४ च्या हिवाळ्यात झ्युरिख सरोवराचं पाणी खूप खाली गेलं. ओबरमायलन गावातले लोक उघड्या पडलेल्या काठावर भिंत घालून आतला चिखल उपसत होते, जमीन वाढवत होते. चिखलात जुने खांब, शिंगांची हत्यारं, दगडी कुऱ्हाडी दिसू लागल्या. गावातले शिक्षक योहानेस एप्ली यांनी झ्युरिखच्या पुरातन वस्तूंच्या अभ्यासमंडळाला कळवलं, आणि त्या मंडळाच्या फर्डिनांड केलर यांनी १८५४ मध्ये अहवाल छापला. काठापासून आत, पाण्याखाली एवढे खांब आहेत म्हणजे त्यांच्यावर मंच असला पाहिजे, मंचावर गाव असलं पाहिजे, असा केलर यांचा तर्क. सोबत त्यांनी जे कल्पनाचित्र दिलं त्याला फ्रेंच दर्यावर्दी द्युमों द’उर्विल यांच्या सफरीत न्यू गिनीच्या किनाऱ्यावर काढलेल्या चित्रांचा आधार होता. म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या अश्मयुगाचं जे रूप पुढं शंभर वर्षं युरोपभरच्या शाळांत टांगलं गेलं, त्यातली घरं प्रशांत महासागराकडून आलेली होती. १८४८ मध्ये नव्यानं घडलेल्या स्विस संघराज्याला असा सर्वांचा मिळून एक पूर्वज हवाच होता. पाण्यानं वेढलेलं, एकोप्यानं राहणारं, स्वतंत्र गाव त्यांना फार आवडलं.

मग शंका सुरू झाल्या. १९२० च्या दशकात हान्स राइनर्थ यांनी म्हटलं की घरं काठावर होती आणि पाणी चढलं की तेवढ्यापुरतं त्यांच्याखाली येत असे. पुढं ओस्कार पारेट यांनी पाण्यावरच्या वस्तीची कल्पनाच नाकारली. १९५० च्या दशकात एमिल फोग्ट यांनी स्वित्झर्लंडमधल्याच एगोल्झविलच्या उत्खननातल्या, जमिनीलगत असलेल्या मातीच्या चुली दाखवल्या. आता वाटलं की पाण्यावरचं गाव संपलं. तर १९७० च्या दशकात इटलीतल्या फियावे इथं रेनातो पेरिनी यांना एकाच ठिकाणी दोन्ही सापडलं: एका काळातली घरं खरोखर तळ्यातल्या उंच खांबांवर, दुसऱ्या काळातली काठावर लाकडी चौकटींच्या पायावर. आज कुणीही अभ्यासक एकच एक उत्तर देत नाही. काही घरं ओल्या जमिनीवर टेकलेली, काही जोत्यासारखी उचललेली, काही उथळ पाण्यात. सगळ्या गावाला मिळून एकच मंच, हे मात्र कुणी मानत नाही.

म्हणजे सरांच्या वाक्यात ‘मधोमध’ चुकीचं, ‘मंच’ चुकीचा, आणि ‘शत्रू आणि श्वापदांपासून’ हे निव्वळ अनुमान. ‘पाच हजार वर्षांपूर्वी’ तेवढं शिल्लक राहत होतं.

सर रागावले नाहीत, पण हटलेही नाहीत. “अहो ताई, मुलाला पहिल्यांदा तळ्यात गाव दिसू दे. मग बारावीत गेल्यावर तो वाद वाचेल.” या युक्तिवादात काही तथ्य नाही असं नाही. शिकवताना आपण सगळेच आधी सोपं सांगतो. पण सोपं करणं आणि दीडशे वर्षं जुना अंदाज तथ्य म्हणून देणं यांत फरक आहे, आणि चौकटीत ‘ठाऊक आहे का?’ असं विचारायचं तर जे आपल्यालाच ठाऊक नाही ते तिथं चालत नाही. ताईंनी सहायकाच्या बाजूनं कौल दिला. वाक्य गेलं. जागा रिकामी झाली, आणि खरं काम तिथून सुरू झालं.

पुढं आलेले पर्याय

पहिला पर्याय सरांनीच दिला, आणि तो फार मोहात पाडणारा होता. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार हेरोडोटस आपल्या इतिहासग्रंथाच्या पाचव्या भागात प्रासियास सरोवरातल्या पेओनियन लोकांविषयी सांगतो. पाण्यात खांब, खांबांवर फळ्या, फळ्यांवर झोपड्या. पुरुषानं लग्न केलं की प्रत्येक बायकोमागं त्यानं डोंगरातून तीन खांब आणून रोवायचे. लहान मुलं पाण्यात पडू नयेत म्हणून त्यांचा पाय दोरीनं बांधून ठेवायचा. आणि मासे इतके, की जमिनीतलं झाकण उघडून टोपली खाली सोडली की थोड्या वेळात भरून वर येते. घोड्यांना आणि गुरांनाही चारा म्हणून मासेच.

पायाला दोरी बांधलेलं रांगतं मूल ही गोष्ट एकदा वाचली की विसरता येत नाही. चौकटीला आणखी काय लागतं? पण अडचणी दोन होत्या. प्रासियास सरोवर आल्प्समध्ये नव्हे, तर बाल्कन प्रदेशात, मॅसिडोनियाच्या बाजूला. आणि नोंदीतल्या बहुतेक वस्त्या हेरोडोटसच्या आधी दोन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या. केलर यांच्या पिढीनं नेमकी हीच सांधेजोड केली होती: वर्णन बाल्कनमधलं, खांब स्वित्झर्लंडमधले, चित्र न्यू गिनीतलं. ती चौकटीत पुन्हा करायची नव्हती. शिवाय हेरोडोटस स्वतः तिथं गेला होता की ऐकीव लिहितो आहे, याचा निवाडा चाळीस शब्दांत होत नाही. (प्रत्येक बायकोमागं तीन खांब हा हिशोब सहावीच्या वर्गात कसा समजावायचा, हा प्रश्नही कुणीतरी काढला. त्यावर जास्त चर्चा झाली नाही.)

दुसरा पर्याय चाकाचा. स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना शहराजवळच्या दलदलीत, अशाच एका खांबांवरच्या वस्तीच्या जागी, २००२ साली लाकडी चाक आणि त्याचा आस सापडला. वय अंदाजे ५,१५० वर्षं. चाक ॲश झाडाच्या लाकडाचं, आस ओकचा, आणि आस चाकात पक्का बसवलेला असल्यामुळे दोन्ही एकत्र फिरत. ‘जगातलं सर्वांत जुनं लाकडी चाक तळ्याकाठच्या गावात सापडलं’ हे वाक्य ताईंना पसंत होतं. सहायकानं पुन्हा पेन्सिल काढली. ‘सर्वांत जुनं’ हे विशेषण छापील कोशात फार लवकर शिळं होतं. याच विषयातलं उदाहरण त्यानं दिलं: अल्बेनियात ओहरिड सरोवराकाठी लिन गावाजवळ मिळालेली खांबांवरची वस्ती आठ हजार वर्षांच्या आसपासची असल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं, आणि त्याआधीची ‘युरोपातली सर्वांत जुनी सरोवर-वस्ती’ म्हणणारी सगळी पुस्तकं एका दिवसात जुनी झाली. चाकाच्या बाबतीतही वयाची चढाओढ चालूच असते.

इथं ताईंनी विभागासाठी एक नियम करून टाकला: चौकटीत उच्चांक नको. माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वांत उपयोगी निर्णय होता, कारण तो एका नोंदीपुरता राहिला नाही. खंडातल्या कितीतरी चौकटी ‘सर्वांत’ या शब्दावर उभ्या होत्या. त्या सगळ्या पुन्हा तपासाव्या लागल्या.

तिसरा गट खाण्यापिण्याचा. झ्युरिखजवळच्या रोबेनहाउझेन इथं याकोब मेसिकोमर यांना १८५८ पासून पुढं जळून कोळसा झालेली भाकर, अर्धी कापून वाळवलेली सफरचंदं, विणलेलं कापड असं बरंच सापडत गेलं. वनस्पतिशास्त्रज्ञ ओस्वाल्ड हेर यांनी १८६५ मध्ये या वस्त्यांमधल्या वनस्पतींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. शिवाय बर्चच्या सालीपासून केलेला डिंकासारखा काळा पदार्थ, ज्यावर चावल्याच्या दातांच्या खुणा आहेत. सहायकाची स्वतःची पसंती मात्र वेगळीच होती: कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या आर्बोन इथल्या विष्ठेच्या नमुन्यांत माशांतून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी सापडली, म्हणजे तिथले लोक मासे कच्चे किंवा अर्धेकच्चे खात. मुलांना हे प्रचंड आवडलं असतं, यात शंका नाही. ताई म्हणाल्या, “आवडेल रे, पण मग नोंद कृमींची होईल.” ओळ गमतीची असणं पुरेसं नसतं. ती वाचून मुलानं ज्या नोंदीकडे वळायचं ती नोंद त्याच गोष्टीची असावी लागते. सफरचंदाच्या फोडी म्हणूनच बराच वेळ यादीत टिकल्या: गाळात सगळं टिकतं, ही नोंदीतली मध्यवर्ती गोष्ट त्यांतून दिसत होती.

शोधाच्या कहाणीचाही एक पर्याय होता. दुष्काळी हिवाळ्यात पाणी आटलं आणि गाव दिसलं. उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर वर येतं, हे आपल्याकडच्या मुलांनी निदान बातम्यांत पाहिलेलं असतं. तिथून झ्युरिखला जायला वाट सोपी होती. पण मंदिर धरणाच्या पाण्यात बुडालं आहे आणि त्या वस्त्यांची गोष्ट वेगळी आहे. मुलाच्या मनात ‘गाव बुडालं’ एवढंच राहिलं असतं. ही तुलना चौकटीतून काढून शिक्षक-पुस्तिकेत ठेवली.

निर्णय कसा झाला

सहायकानं आर्बोनचा कागद पट्टकृमीसाठी आणला होता. त्याच कागदात वर एक ओळ होती, जिच्याकडे आधी कुणाचं लक्ष गेलं नाही: वस्तीचा काळ, इ.स.पू. ३३८४ ते ३३७०.

सर थांबले. “हे अंदाजे ना?”

“नाही सर. हेच वर्ष.”

चाळीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाला इसवी सनापूर्वी चौतिसाव्या शतकातलं सुटं वर्ष ऐकून आश्चर्य वाटलं, हीच ताईंच्या दृष्टीनं कसोटी ठरली. इजिप्तमध्ये पिरॅमिड उभे राहायच्या कितीतरी आधीचं, लिहिणं-वाचणं नसलेलं एक गाव. त्याचं नाव माहीत नाही, भाषा माहीत नाही, आणि ते कोणत्या वर्षी वसलं ते मात्र माहीत आहे.

हे कळतं झाडाच्या वर्तुळांवरून. दरवर्षी खोडात एक वर्तुळ वाढतं. पाऊसपाणी चांगलं असेल तर रुंद, नसेल तर अरुंद. एका प्रदेशातल्या झाडांत रुंद-अरुंद वर्तुळांचा क्रम सारखा असतो. आज उभ्या झाडापासून सुरुवात करून जुन्या घरांच्या तुळया, त्याहून जुने नदीच्या गाळातले ओंडके, असे एकमेकांवर चढणारे क्रम जुळवत गेलं की हजारो वर्षांची सलग पट्टी तयार होते. वर्तुळांचं हे शास्त्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ए. ई. डग्लस यांनी उभं केलं. मध्य युरोपातली ओक झाडांची पट्टी आता दहा हजार वर्षांच्याही पलीकडे जाते. तळ्यातल्या खांबाचा क्रम या पट्टीवर सरकवून जिथं बसतो तिथं वर्ष वाचायचं. खांबाला साल शिल्लक असेल तर शेवटचं वर्तुळही शाबूत असतं, आणि झाड कोणत्या वर्षी तोडलं एवढंच नव्हे, तर हिवाळ्यात तोडलं की उन्हाळ्यात, हेसुद्धा सांगता येतं.

या ओळीची आणखी एक जमेची बाजू होती. घरं पाण्यावर की काठावर, या वादात तिला पडावंच लागत नव्हतं. उद्या त्या वादाचा निकाल कसाही लागो, ३३८४ तसंच राहणार होतं.

सरांचा एक आक्षेप उरला. चौकटीनं चकित करायला हवं. यात आकडे आहेत. दोन वर्षांचे आकडे, तेही उलटे चालणारे, कारण इसवी सनापूर्वी मोठा आकडा आधी येतो. हा आक्षेप पूर्णपणे दूर झाला असं म्हणता येणार नाही. बहुमतानं ओळ ठरली.

शब्दांची घासाघीस

पहिला मसुदा ताईंचा: ‘आर्बोनचं गाव इ.स.पू. ३३८४ मध्ये वसलं आणि ३३७० मध्ये जळून खाक झालं.’

सहायकाला दोन्ही क्रियापदं खटकली. वर्तुळं झाड तोडल्याचं वर्ष सांगतात. घर बांधल्याचं सांगत नाहीत. त्या काळी लाकूड ओलं असतानाच वापरत, कारण दगडी कुऱ्हाडीनं ओलं लाकूड कापणं सोपं, त्यामुळे तोडणं आणि बांधणं यांत सहसा फार अंतर पडत नाही. तरी जुना खांब दुसऱ्या घरात पुन्हा वापरलेला असू शकतो. एकट्यादुकट्या खांबावरून वर्ष सांगितलं तर हा धोका असतो; आर्बोनला घरोघरचे खांब मिळून क्रम लागला आहे. आणि ३३७० हे आगीचं वर्ष नाही, मिळालेल्या लाकडांपैकी शेवटची झाडं तोडल्याचं वर्ष आहे. आग त्यानंतर लागली आणि गाव संपलं.

‘म्हणजे जवळजवळ तेच की’ असं म्हणून हे सोडून देता आलं असतं. सोडलं नाही, ते बरं केलं. ही नेमकेपणाची गंमत सांगणारी ओळ होती. तिनंच ढिसाळ राहणं शोभलं नसतं.

दुसरी घासाघीस ‘किती वर्षांपूर्वी’ यावरून. मुलांना इ.स.पू. कळायला जड जातं म्हणून ‘५,४०७ वर्षांपूर्वी’ असा आकडा कुणीतरी काढला. त्यातही ३३८४ मध्ये चालू साल मिळवून एक वजा करायचा, कारण इसवी सनाच्या मोजणीत शून्य वर्ष नाही. पण छापील पुस्तकात असा आकडा दरवर्षी एकानं चुकत जातो. ‘सुमारे ५,४०० वर्षांपूर्वी’ हे सुरक्षित, पण मग सुट्या वर्षाची मजा जाते. शेवटी दोन्ही ठेवलं.

छापलेली चौकट अशी:

‘स्वित्झर्लंडमधल्या आर्बोन इथं सुमारे ५,४०० वर्षांपूर्वी तळ्याकाठी एक गाव होतं. तिथल्या घरांसाठी पहिली झाडं इ.स.पू. ३३८४ मध्ये तोडली, शेवटची ३३७० मध्ये. मग आग लागली. लिहिता न येणाऱ्या माणसांच्या गावाची ही वर्षं सांगितली लाकडातल्या वर्तुळांनी!’

चित्राचं काय झालं

ओळ बदलली तरी चित्र केलर यांचंच राहिलं होतं, आणि चौकटीपेक्षा चित्र जास्त बोलतं. चित्रकारांना कळवलं तेव्हा त्यांचं रंगकाम निम्मं झालेलं होतं. पुन्हा काढायला त्यांनी वेळ आणि वाढीव मानधन मागितलं, रास्तच होतं. व्यवस्थापनाचं म्हणणं की पूल पुसून टाका, बाकी चालेल. ताई अडून बसल्या. नव्या चित्रात तळं एका बाजूला, काठाची चिखलट जमीन, तिच्यावर एकमेकांना लागून पण सुटी सुटी घरं, प्रत्येकाची जमीन खांबांवर थोडी उचललेली, आणि दोन घरांखाली नुकतंच पाणी आलेलं. या शेवटच्या तपशिलाला आधार आहे: आल्प्सचा बर्फ वितळला की कॉन्स्टन्स सरोवर दर उन्हाळ्यात चढतं, हिवाळ्यात उतरतं, आणि दोन पातळ्यांत साधारण दीड-दोन मीटरचा फरक पडतो. घर उचलून बांधण्याचं एक कारण चित्रातच दिसलं, नोंदीत एक वाक्य कमी लागलं.

निष्पत्ती

छपाईआधी एका शाळेत सहावी-सातवीच्या मुलांकडून नोंद वाचून घेतली. चौकट वाचून बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला: वर्तुळं मोजून फार तर झाडाचं वय कळेल, तोडल्याचं वर्ष कसं कळलं? अगदी योग्य प्रश्न, आणि नोंदीत त्याचं उत्तर नव्हतं. सरांनी स्वतःहून नोंदीतला स्विस राष्ट्रभावनेवरचा परिच्छेद काढला आणि त्या जागी एकमेकांवर चढणाऱ्या तीन लाकडी पट्ट्यांची आकृती आली. हेरोडोटसचं दोरीनं बांधलेलं मूल नोंदीच्या शेवटी, ‘हेरोडोटस सांगतो’ अशा स्पष्ट उल्लेखासह, आणि बाल्कनमध्येच राहिलं. वाचून झाल्यावर काय आठवतं असं विचारलं तेव्हा पुष्कळ मुलांनी तेच मूल सांगितलं. सरांनी त्यावर काही टिप्पणी केली नाही. फक्त ताईंकडे बघितलं.

खंड निघाल्यावर जर्मनीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचं पत्र आलं. त्यांनी कॉन्स्टन्स सरोवरावर उंटरउल्डिंगेन इथलं संग्रहालय मुलांसह पाहिलं होतं. तिथं अश्मयुगीन घरं चक्क पाण्यात, पुलांनी जोडून उभी आहेत. मग कोशातलं चित्र काठावर का? पत्र तक्रारीच्या सुरातलं असलं तरी प्रश्न नीट होता. उत्तर सहायकानं लिहिलं: त्या संग्रहालयातली पहिली घरं १९२२ मध्ये, म्हणजे केलर यांच्या कल्पनेचा पगडा असतानाच्या काळात उभी राहिली, पाण्यातल्या वस्त्याही होत्या, फियावेसारख्या, आणि चित्र त्यांतल्या एका प्रकारचं आहे, सगळ्यांचं नव्हे. चित्राखालच्या ओळीत मात्र हे शेवटचं म्हटलेलंच नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

चित्रकाराकडे मजकूर तथ्यतपासणीआधी गेला, यात सर्वांत जास्त पैसा आणि वेळ गेला. आता त्या विभागात चौकट, चित्राचा तपशील आणि चित्राखालची ओळ हे तिन्ही एकाच कागदावर तपासून मगच पुढं जातं.

चौकटीची ओळ नोंद पूर्ण झाल्यावर शोधायची, ही पद्धतही तपासण्यासारखी आहे. आर्बोनची वर्षं नोंदीच्या मसुद्यात नव्हतीच. ओळ ठरल्यावर तिला आधार देणारा परिच्छेद घुसवावा लागला. नोंदलेखकानंच सुरुवातीला पाच-सहा उमेदवार ओळी, प्रत्येकीला दोन वेगवेगळे आधार जोडून, दिल्या असत्या तर पहिली बैठक तिथूनच सुरू झाली असती. याउलट असंही म्हणता येईल की आर्बोनचा कागद पट्टकृमीसाठी टेबलावर आला नसता, तर ती ओळ सापडलीच नसती. अशा योगायोगाला जागा ठेवणारी पद्धत कशी बसवायची, यावर विभागात अजून एकमत नाही.

उच्चांकाचा नियम कितपत कडक ठेवायचा, हाही वाद बाकी आहे. ग्रीसमधल्या डिस्पिलिओ इथल्या तळ्याकाठच्या वस्तीची लाकडं २०२४ मध्ये नेमक्या वर्षांना बांधता आली. इ.स.पू. ५२५९ मध्ये अवकाशातून आलेल्या कणांच्या माऱ्यामुळे त्या एका वर्षाच्या वर्तुळात किरणोत्सारी कार्बन अचानक वाढलेला आहे. ती खूण धरून बाकीची वर्तुळं मोजली. आर्बोनच्या चौकटीत ‘सुट्या वर्षासकट माहीत असलेलं सर्वांत जुनं गाव’ असं काही लिहिण्याचा मोह एका मसुद्यात झाला होता. ते लिहिलं असतं, तर लगेच खोडावं लागलं असतं. सर मात्र म्हणतात की चाकाची ओळ ‘सर्वांत जुन्या चाकांपैकी एक’ अशी चालली असती, आणि ते बरोबर आहे.

पुढच्या आवृत्तीसाठी चित्राखालची ओळ बदलून ठेवली आहे: ‘काठावरची वस्ती. काही ठिकाणी घरं उथळ पाण्यातही बांधलेली होती.’ संग्रहालयाचं छायाचित्र मिळालं तर ते शेजारी, १९२२ या सालासह, छापायचं आहे. परवानगीचं पत्र गेलं आहे.